दोन वाहने : बारा टन आणि पाऊण टन

संघाच्या चिटणिसांनी यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्हांस काही लिहावयास सांगितले, तेव्हा प्रथम आम्ही नकारच दिला होता. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. आयुष्य गेले बेळगावच्या रविवार पेठेत ज्वारी, तांदूळ व हरभरा यांच्या थप्प्यांमध्ये. लेखणी चालली ती जमाखर्चापुरती. परंतु गेल्या दिवाळीत पेढीचे जुने कपाट आवरताना दोन कागद हाती आले आणि विषय आपोआप ठरला. एक कागद आमच्या वडिलांनी १९८० साली घेतलेल्या टाटा १२१० एस.ई. ट्रकचे माहितीपत्रक, दुसरा त्याआधी तीन वर्षे घेतलेल्या तीनचाकी टेम्पोचे. दोन्ही वाहने एकाच पेढीची, एकाच मालाची वाहतूक करणारी; आणि तरीही त्यांच्यात हत्ती व मांजर यांच्याइतके अंतर. हे दोन्ही कागद आम्ही तरुणपणी नीट वाचले असते, तर एका माणसाचा पाय वाचला असता. ती हकीकत पुढे येईलच.

प्रथम कुळकथा. टाटांच्या टेल्को कंपनीची स्थापना १९४५ साली झाली ती आगगाडीची इंजिने बांधण्यासाठी. १९५४ साली तिने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी पंधरा वर्षांचा करार केला व जमशेदपूरला ट्रक तयार होऊ लागले. १९६९ मध्ये करार संपला, ट्रकच्या तोंडावरील तीन टोकांचे चांदणे गेले आणि तेथे ‘टी’ हे अक्षर आले. पेठेतील जुनी मंडळी त्यानंतरही कित्येक वर्षे त्यास ‘मर्सिडीज’च म्हणत. १२१० हा आकडा म्हणजे काही गूढ नव्हे. पहिले दोन अंक मालासह एकूण वजनाचे, म्हणजे १२ टन; पुढचे दोन अंक अश्वशक्तीचे, म्हणजे सुमारे १००. वाहनाच्या नावातच त्याची मर्यादा लिहिलेली होती! आम्ही ते नाव दिवसातून दहा वेळा उच्चारीत होतो, पण त्याचा अर्थ विचारण्याची बुद्धी झाली नाही.

टेम्पोची कथा आम्हां व्यापाऱ्यांस अधिक जवळची आहे. हे वाहन मूळचे हांबुर्गजवळील हारबुर्ग येथील विडाल अँड सोन या कारखान्याचे. त्या कारखान्याच्या वाहनांचे सर्वसाधारण नाव ‘टेम्पो’ आणि या तीनचाकीचे विशेष नाव ‘हान्सेआट’. मध्ययुगात उत्तर युरोपातील व्यापारी शहरांनी परस्परांच्या रक्षणासाठी व सवलतींसाठी ‘हान्से’ नावाचा संघ केला होता. हांबुर्ग हे त्यांपैकीच एक, आणि हान्सेआट म्हणजे तेथील नागरिक. व्यापारी संघाच्या नावावरून बारसे झालेले हे वाहन आपल्या पेठेत पाव शतकाहून अधिक काळ फिरले आणि आपल्यापैकी कोणासही ते ठाऊक नव्हते! जर्मनीत त्याची निर्मिती १९५६ मध्ये थांबली. १९५८ साली अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने बजाज टेम्पो कंपनी निघाली आणि जर्मनीत जुने ठरलेले हे वाहन भारतात नव्याने जन्मास आले. फिरोदिया आपल्याच जैन समाजातील, पेशाने वकील, स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले. कंपनीचा आकुर्डीचा कारखाना १९६४ चा. पुढे ‘टेम्पो’ हा शब्द मराठीत इतका रुळला की आज कोणतेही लहान मालवाहू वाहन, मग ते कोणत्याही कंपनीचे असो, टेम्पोच ठरते. कंपनीचे नाव २००५ साली फोर्स मोटर्स झाले, शब्द मात्र राहिला.

आता कागदांवरील आकडे. ट्रकचे इंजिन डिझेलवर चालणारे, सहा सिलिंडरांचे, चार फटक्यांचे. सिलिंडरचा व्यास ९२ मिलिमीटर, दट्ट्याची धाव १२० मिलिमीटर, एकूण आकारमान ४,७८८ सी.सी.; शक्ती शंभर अश्वशक्तीच्या थोडी पलीकडे, तीही मिनिटास २,८०० फेऱ्यांवर. गिअर पाच. चाके सहा, पुढे दोन व मागे जोडीजोडीने चार. टेम्पोचे इंजिन पेट्रोलचे, दोन सिलिंडरांचे, दोन फटक्यांचे, सुमारे ४०० सी.सी.; शक्ती चौदा-पंधरा अश्वशक्ती. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालावे लागे, त्यामुळे मागे निळा धूर आणि तो फटफट आवाज. चाके तीन, त्यांपैकी पुढे एकच. माल पाऊण टन.

ट्रकच्या बारा टनांत ट्रकचे स्वतःचे वजनही आलेच. सांगाडा, केबिन, लाकडी हौदा, फाळके, ताडपत्री व दोरखंड हे सारे वजा जाता व्यापाऱ्याच्या वाट्यास साडेसात-आठ टन उरत. त्या काळचे पोते शंभर किलोचे. म्हणजे ट्रकमध्ये पाऊणशे ते ऐंशी पोती आणि टेम्पोत साडेसात. टेम्पोचा चालक, ज्यास सारी पेठ ‘मामा’ म्हणे, तो या साडेसात आकड्यावरून नेहमी विनोद करी की आपल्या मागे जन्माची साडेसाती लागली आहे.

व्यापाऱ्याच्या सवयीने आम्ही परवा या आकड्यांचा भागाकार करून पाहिला. ट्रकमध्ये आठ टन मालामागे शंभर अश्वशक्ती, म्हणजे टनास साडेबारा. टेम्पोत पाऊण टनामागे पंधरा धरली, तरी टनास वीस पडते. कागदावर पाहता टेम्पो ट्रकपेक्षा दीडपट सशक्त ठरतो! इंजिनाच्या आकारमानाचा हिशेबही असाच फसवा. ट्रकच्या इंजिनास एका सी.सी.मागे सुमारे पावणेदोन किलो माल ओढावा लागे, टेम्पोस पावणेदोनच्या किंचित वर. म्हणजे जवळजवळ बरोबरी. मग तवंदी घाटात ट्रक भरल्या मालानिशी सावकाश पण निश्चयाने चढून जाई आणि पेठेबाहेरच्या साध्या चढावर टेम्पो धापा टाकी, याचे कारण काय?

कारण माहितीपत्रकातील एका लहानशा ओळीत होते. ट्रकच्या इंजिनाची शक्ती मागील चाकांस मिळते. टेम्पोची शक्ती साखळीच्या द्वारे पुढील एकुलत्या एका चाकास. आम्हांस वाटे की हा कारखानदाराचा प्रश्न आहे, पोते भरणाऱ्याचा नव्हे. वस्तुतः तो सर्वस्वी पोते भरणाऱ्याचाच प्रश्न होता.

थोडे विस्ताराने सांगतो. चाक रस्त्यास जितके दाबले जाईल तितकी त्याची पकड. ट्रकमध्ये माल पडतो तो बहुतांशी मागील चाकांवर, आणि गाडी ढकलणारी चाकेही तीच. चढ लागला की वजन आणखी मागे सरकते व पकड आणखी वाढते. माल हा ट्रकचा मित्र. टेम्पोत याच्या उलट. ओढणारे चाक पुढे, माल मागे. चढावर वजन मागे सरकले की पुढचे चाक हलके होते, पाऊस असेल तर जागच्या जागी फिरते. बरे, तेच चाक गाडी वळविणारेही. ते हलके झाले की स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे. तेव्हा कोणीही शहाणा म्हणेल, पोती पुढे सरकवून भरा. पण तीनचाकीस उभे राहण्यास जागा आहे ती त्रिकोणाची. मागे रुंद, पुढे टोकदार. वजन जितके पुढे आणावे तितके ते त्रिकोणाच्या अरुंद भागात येते आणि वळणावर गाडी कलंडण्याची भीती वाढते. चढासाठी पोती पुढे हवीत, वळणासाठी मागे हवीत. या दोहोंचा मेळ फक्त पाऊण टनाच्या आत बसतो. तेवढ्यासाठीच ते वाहन आखलेले होते. मामास हे कोणी शिकविले नव्हते. तो हमालांस एकेक पोते बोटाने दाखवून ठेवावयास लावी आणि शेवटी पुढच्या चाकाकडे वाकून पाही. आम्ही त्यास वेळकाढूपणा समजत असू.

१९८४ च्या आषाढातील गोष्ट. आम्ही पंचविशीत होतो. वडील, म्हणजे आमचे अण्णा, त्या दिवशी लग्नकार्यासाठी निपाणीस गेले होते आणि पेढी आमच्या हाती होती. पावसाची झड लागलेली. शहराबाहेरील एका दुकानदारास बारा पोती तांदूळ त्याच दिवशी हवा होता. दोन फेऱ्या करावयाच्या तर पेट्रोल दुप्पट, आणि दुसरी फेरी अंधारात. आम्ही हुकूम दिला, बाराही भरा. मामा म्हणाला, “सावकार, बारा नको. पुढचं चाक उचलतंय.” आम्ही त्यास उत्तर दिले की अमक्या पेढीचा टेम्पो रोज दहा नेतो, तुझेच चाक का उचलते? पोती दोन थर होऊन फाळक्यापर्यंत गेली. मामाने त्या दिवशी बोट दाखविले नाही की वाकूनही पाहिले नाही. मुकाट्याने गाडी सुरू केली.

निम्म्या चढावर पुढचे चाक जागीच फिरू लागले. टेम्पो मागे घसरला, मामाने स्टिअरिंग फिरविले पण चाकास रस्ताच नव्हता. मागील एक चाक कडेच्या चरात गेले आणि गाडी कुशीवर पडली. क्लीनर उडी मारून सुटला. मामाचा उजवा पाय घोट्याच्या वर दबला. तांदळाची पोती चिखलात फुटून पसरली होती. आम्ही सायकलवरून तेथे पोहोचलो, तेव्हा रस्त्यावरील माणसे आधी पोती उचलीत होती, असे आम्हांस आजही दिसते. कदाचित ते खरे नसेल. मामास बाहेर काढण्यासाठी पोती हलविणे भागच असावे.

पाय राहिला, पण घोटा कायमचा वाकडा झाला. पुढे मामास वाहन चालविता आले नाही. इस्पितळाचा खर्च व पगार पेढीने दिला, नंतर त्यास गुदामाच्या राखणदारीवर ठेवले आणि तो २००१ पर्यंत तेथे होता. संध्याकाळी निपाणीहून परतल्यावर अण्णा आमच्यावर ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते आम्हांस आडव्या पडलेल्या टेम्पोकडे घेऊन गेले आणि दारावर पांढऱ्या रंगाने लिहिलेले दोन आकडे दाखविले: एक रिकाम्या गाडीच्या वजनाचा, दुसरा भरलेल्या. “मॅट्रिक झालास ना? मग वजाबाकी कर,” एवढेच ते म्हणाले. ती वजाबाकी आम्ही केली. उत्तर अर्थातच पाऊण टन आले.

आता ट्रककडे वळावयाचे, कारण खरा मासला तेथेच आहे. टेम्पोत पाच पोती अधिक भरली आणि त्याच दिवशी फळ मिळाले. ट्रकमध्ये मात्र आम्ही व आमच्यासारखे शेकडो व्यापारी वर्षानुवर्षे चाळीस पोती अधिक भरीत होतो आणि काही होत नव्हते. विजापूरची ज्वारी, गंगावतीचा तांदूळ, नवलगुंदचा हरभरा. ऐंशीच्या जागी शंभर, शंभराच्या जागी एकशेवीस. फाळक्यांवर फळ्या उभ्या करून हौदा उंच करावा, वर ताडपत्री आवळावी, की झाले. ट्रकचा पोलादी सांगाडा जाड, पाटे भक्कम आणि मागे सांगितल्याप्रमाणे माल जितका अधिक तितकी मागच्या चाकांची पकड अधिक. ते वाहन आमची लबाडी पोटात घालीत होते. भाडे दर पोत्यामागे उतरे आणि आम्ही त्यास व्यापारातील हुशारी म्हणत असू.

पण ट्रकने पोटात घातले म्हणजे ते नाहीसे झाले असे नव्हे. ते दुसऱ्या खात्यावर पडत होते. वर्षातून दोनदा पाटा तुटे, तो खर्च आम्ही ‘दुरुस्ती’ या सदरी मांडीत असू. टायर निम्म्या आयुष्यात उडत. उतारावर ब्रेक तापत आणि ड्रायव्हर सारा घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरात उतरवी. घरी पोहोचेपर्यंत त्याचा जीव टांगणीस. सर्वांत मोठे खाते रस्त्याचे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर भरलेले ट्रक अहोरात्र फिरविण्यात आले व रस्त्याची झीज मोजली गेली. त्यावरून असे ठरले की झीज ही आसावरील भाराच्या साधारण चतुर्थ घाताने वाढते. भार दुप्पट तर झीज सोळापट. आमचा बारा टनी ट्रक एकशेवीस पोती घेऊन सोळा टनांचा होई. भार वाढला एक तृतीयांशाने, परंतु रस्त्याची झीज झाली तिपटीहून अधिक. आणि मग आम्हीच सभांतून रस्त्यांच्या खड्ड्यांविषयी ठराव मांडीत होतो! अशा एका ठरावास अनुमोदन देणाऱ्यांत आम्हीही होतो, हे येथे कबूल करतो.

कायदा होताच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात जादा भारास दोन हजार रुपये व प्रत्येक जादा टनास एक हजार असा दंड होता. चार टनांस सहा हजार. तो प्रत्यक्षात कसा भरला जाई अथवा जात नसे, हे आपणां व्यापाऱ्यांस सांगावयास नको. काही राज्यांनी तर आगाऊ रक्कम घेऊन जादा भारास मोकळीक देणारी कार्डे काढली होती. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००५ मध्ये हा प्रकार बेकायदेशीर ठरविला. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने आसांवरील भाराची मर्यादाच वाढविली व दोन आसांच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन केले. २०१९ च्या दुरुस्तीने दंड वीस हजार व टनामागे दोन हजार झाला, शिवाय जादा माल उतरविण्याचा खर्चही वाहतूकदारावरच. आमच्या त्या चाळीस पोत्यांस या हिशेबाने अठ्ठावीस हजार पडले असते. तेवढा नफा चाळीस पोत्यांत कोणास सुटतो, हे ज्याने त्याने आपल्या वहीत पाहावे.

पोत्याचा विषय निघाला म्हणून एक आडगोष्ट. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९६७ च्या शिफारशीत एका प्रौढ पुरुषाने उचलावयाच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो सांगितली होती. आमच्या पेठेत त्यानंतर कित्येक वर्षे हमाल शंभर किलोचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढत. आता धान्याचे पोते पन्नास किलोचे झाले आहे. वाहनाच्या दारावर आकडा रंगविलेला असतो, हमालाच्या पाठीवर तो नव्हता. असो.

खर्चाच्या दृष्टीने दोन्ही वाहनांची तुलना केली तर टेम्पो हरतोच. आमच्या जुन्या वहीप्रमाणे भरलेला ट्रक लिटरमागे चार किलोमीटरच्या आसपास जाई, टेम्पो चौदा. म्हणजे एक लिटरमध्ये ट्रक आठ टन माल चार किलोमीटर नेई; गुणाकार बत्तीस. टेम्पोचा गुणाकार साडेदहा, आणि तेही महागड्या पेट्रोलवर. तरीही टेम्पोवाचून आमची पेढी चालली नसती. ट्रक पेठेच्या तोंडाशी उभा राही. रविवार पेठेतील बोळांत, दुकानाच्या पायरीपर्यंत सात पोती पोहोचविणारे वाहन तेच. ट्रक नव्हता तेव्हा भाड्याचा मिळे. टेम्पो बंद पडला की त्या दिवशी किरकोळ दुकानदारांचे निरोपावर निरोप येत.

अण्णांनी टेम्पो दुरुस्त करून पुन्हा चालू केला व तो १९९३ पर्यंत पेढीत होता. भारतात त्या तीनचाकीची निर्मिती विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालली. ट्रक आम्ही १९९६ मध्ये विकला. नंतर स्वतःचा ट्रक ठेवलाच नाही, भाड्याने माल आणतो आणि बिल्टीबरोबर वजनकाट्याची पावती मागतो. ज्या ट्रान्सपोर्टवाल्यांस ते रुचत नाही, ते आमचे काम घेत नाहीत.

गंमत पुढेच आहे. २००५ साली टाटांनी एक लहान मालवाहू वाहन बाजारात आणले, ज्यास आपण सारे ‘छोटा हाथी’ म्हणतो. त्याचे माहितीपत्रक आम्ही या दोन जुन्या कागदांशेजारी ठेवून पाहिले. सिलिंडर दोन, शक्ती सोळा अश्वशक्ती, माल पाऊण टन. म्हणजे जुन्या टेम्पोचेच आकडे! फरक इतकाच की इंजिन ७०२ सी.सी.चे व डिझेलचे, चाके चार, आणि शक्ती मागील चाकांस. बारा टनी ट्रक बांधणाऱ्या कारखान्याने अर्ध्या शतकानंतर पाऊण टनाचाच आकडा निवडला, पण ओढणारे चाक मालाखाली आणून ठेवले. मामा हे वाहन पाहण्यास होता. लंगडत त्याने त्याच्याभोवती एक फेरी मारली, वाकून खाली पाहिले आणि म्हणाला, “ह्येला चढावर भ्या न्हाई.”

तसे एक वाहन आज आमच्या पेढीत आहे. व्यवहार आमचे पुतणे पाहतात. पन्नास किलोच्या हिशेबाने त्यात पंधरा पोती भरतात. चढावर भय नसले तरी पंधराच. सोळावे पोते टाकून द्या, असे दुकानदार अद्यापही फोनवर सांगतात. ते दुसऱ्या फेरीस जाते.